ऐकणारा ठोकळा

माझ्या धाकट्या बहिणीला रुग्णालयात सगळे 'टेलिफोन' म्हणतात. खरं नाव तिथल्या अर्ध्या लोकांना ठाऊकही नसेल. तळमजल्यावर औषधांच्या खिडकीला लागून एक काचेची खोली आहे. तिथे कानाला यंत्र लावून ती कित्येक वर्षं बसते आहे. "नमस्कार, बोला. धरून ठेवा. जोडते." एवढ्यावर माणसाचा उभा जन्म निघू शकतो, हे मला तिच्यामुळे कळलं. लहानपणी ती घरात इतकी बडबड करायची की वडील म्हणायचे, हिच्या तोंडाला एक कुलूप आणा कुणीतरी. नोकरीने ते काम परस्पर करून टाकलं. दिवसभर दुसऱ्यांची बोलणी जोडून घरी आली की बाई गप्प.

पण कान भलतेच तिखट. फोन करणाऱ्याने नुसतं 'हॅलो' म्हटलं तरी तिला कळतं, बाळंतपणाची बातमी विचारायची आहे की अपघाताची. मी शिवणकाम करते. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की मला त्याच्या छातीचं माप अंदाजाने सांगता येतं, तसंच ते. फरक एवढाच, की माप घेतल्याचा राग कुणाला येत नाही.

तिचा मुलगा लहान असतानाच नवरा गेला. मुलाला आम्ही मुंगळा म्हणायचो, कारण दिसेल तिथे उकरत बसायचा. शाळेत असताना त्याला संगणकावरचा तो ठोकळ्यांचा खेळ लागला. सगळं जगच ठोकळ्यांचं: डोंगर, पाणी, झाडं, कोंबड्यासुद्धा चौकोनी. खणा, ठोकळे गोळा करा, घर बांधा. मी म्हणायचे, अरे, खरी खोली आवर आधी. धाकटी मात्र त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसायला लागली. "त्याच्याशी बोलायचं तर तो असतो तिथे जायला नको का, ताई?" असं म्हणायची. आणि बघता बघता पोरापेक्षा आईच तरबेज झाली. त्या खेळात लाल भुकटीची रेघ ओढली की तिच्यातून वीज जाते, दिवे लागतात, दारं उघडतात. जन्मभर तारा जोडलेली बाई ती, तिला हे सोपंच वाटलं.

त्यात आणखी एक भानगड होती. खूप खोल जमिनीखाली एक आंधळं जनावर असतं. त्याला दिसत नाही, पण पावलांचा आवाज ऐकून ते अंगावर येतं. त्यावर उपाय एकच, लोकरीवरून चालायचं. लोकरीवर पाऊल वाजत नाही. धाकटीने हे मुंगळ्याला शिकवलं आणि पुढे कितीतरी दिवस माय-लेक त्या जगात लोकर अंथरत हिंडायचे. मला त्या सगळ्या खेळातलं एवढंच पटलं, कारण लोकर निदान माझ्या धंद्यातली वस्तू.

ते जग काही त्या दोघांचंच नव्हतं. कुणी एक हौशी माणूस आपल्या यंत्रावर ते चालवायचा आणि शेकडो अनोळखी लोक तिथे ये-जा करायचे. मुंगळ्याचं घर तिथे एका डोंगराच्या पोटात होतं. वाट धबधब्यामागून. ती वाट दोघांनाच माहीत होती, त्याला आणि त्याच्या आईला.

मग मुंगळा मोठा झाला, मिशा आल्या, एका गोदामात कामाला लागला आणि एक दिवस कामावर जायचा बंदच झाला. कारण सांगेना. दार लावून पडून राहायचा. जेवणाचं ताट दाराबाहेर ठेवलं तर निम्मं परत यायचं. धाकटीचा जीव टांगणीला लागला. आणि तिखट कानाची बाई शेवटी करणार काय? दाराला कान लावला. आत तो मित्राशी फोनवर बोलत होता. म्हणत होता, "आता नकोच वाटतं रे सगळं. झोपावं आणि उठूच नये, असं वाटतं."

तिच्या जागी मी असते तर काय केलं असतं, मला माहीत नाही. तिने दार ढकललं, रडली, ओरडली. मग हातात फोन घेतला. मला लावला, रुग्णालयातल्या डॉक्टरांना लावला, त्या मित्राला लावला, गोदामाच्या साहेबांना लावला. जोडायची सवय ना! तासाभरात पोराच्या मनातलं सगळ्या जगाला जोडून झालं होतं. मी धावत पोहोचले तेव्हा तो भिंतीला टेकून उभा होता. चेहरा पांढराफटक. शांतपणे म्हणाला, "आई, माझं म्हणून काही उरलंय का या घरात? भिंतीलासुद्धा तुझेच कान. मला शोधू नकोस. ऐकत बसू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो घरात नव्हता. फोन बंद. मित्रालाही पत्ता नाही.

पोलिसांनी तक्रार घेतली, पण सज्ञान मुलगा, स्वतःहून गेलेला. ते तरी काय करणार? आम्ही दोघी स्टेशनं, धर्मशाळा, गोदामं पालथी घालून आलो. रजा संपली तशी धाकटी कामावर गेली. आणि तिथे काय, तर अपघात विभागातून शवागाराला जाणारा फोनही तिच्याच बोर्डावरून जातो. 'अनोळखी पुरुष, तरुण' एवढं कानावर पडायचं, पुढचं ऐकायची परवानगी नाही. "धरून ठेवा, जोडते," म्हणायचं आणि जोडायचं. मग जेवणाच्या सुट्टीत जिने उतरून खाली जायचं आणि तिथल्या शिपायाला विचारायचं. शिपाई तिला लांबून पाहिलं की आधीच मान हलवायचा, नाही म्हणून. त्या मानेवर ती जगत होती.

एके दिवशी संध्याकाळी माझ्या दुकानात आली. मी काजं करत बसले होते. म्हणाली, "ताई, तो माणसं सोडेल. ते डोंगरातलं घर नाही सोडणार."

मला आधी कळेचना. मग म्हटलं, "अगं, मग जा ना त्या खेळात आणि बघ आत जाऊन!"

"शोधू नकोस म्हणालाय. मी त्या घरात गेले आणि तो तिथे असला, तर तेही घर सोडून पळेल. मग मी कुठे बघू?"

"बाहेर फलक लागत असेल ना, कोण आलं, कोण गेलं?"

"जुनं नाव पुसून टाकलंय त्याने. दुसऱ्या नावाने येत असेल तर त्या शेकडो लोकांत मी त्याला कसं ओळखू? पण त्या घरात पाऊल वाजलं तर ते त्याचंच. मला दुसरं काही नको. पाऊल वाजलं एवढं कळलं तरी पुरे."

म्हणजे पोरगा म्हणाला ऐकत बसू नकोस, आणि ही ऐकायचंच यंत्र बांधायला निघाली! हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण तिचे डोळे बघून मी सुईत दोरा ओवत राहिले.

तार ओढून चालणार नव्हतं. लाल भुकटीची रेघ त्याने लांबूनच ओळखली असती. आईनेच शिकवलेली विद्या ती. म्हणून बिनतारी. त्या खेळात एक ऐकणारा ठोकळा असतो, निळसर, मिशा फुटल्यासारखा. जवळपास काही वाजलं की तो थरथरतो आणि वीज सोडतो. धाकटीने डोंगरापलीकडे, त्याच्या घरातून दिसणार नाही अशा जागी, स्वतःसाठी एक खोपट बांधलं आणि मधल्या वाटेवर जमिनीत ठाणी पुरली. एका ठाण्यात एक ऐकणारा ठोकळा आणि एक छोटी झडप. ठोकळ्याने काही ऐकलं की झडप धाडकन उघडायची. तो धाडकन आवाज पुढचं ठाणं ऐकणार, त्याची झडप उघडणार, असं करत करत खोपटातला दिवा लागणार. मधे तार कुठेच नाही. हाकेला हाक.

पहिल्यांदा जोडलं तेव्हा जो गोंधळ उडाला म्हणता! प्रत्येक ठाणं स्वतःच्याच झडपेचा आवाज ऐकायला लागलं. झडप वाजते म्हणून ठोकळा थरथरतो, ठोकळा थरथरतो म्हणून झडप वाजते. दिवा वेड लागल्यासारखा लुकलुकत राहिला. मी म्हटलं, "हे तर तुमच्या रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांच्या बैठकीसारखं झालं." तेव्हा ती हसली. मुलगा गेल्यापासून पहिल्यांदा आणि त्यानंतर बरेच दिवस शेवटचं.

मग तिने ठाण्यांचे कान लावून दिले. त्या ठोकळ्याला विशिष्ट आवाजच ऐकायला शिकवता येतं. मधली ठाणी फक्त मागच्या झडपेचा आवाज ऐकतील, आणि मुंगळ्याच्या छतावरच्या मातीत पुरलेलं पहिलं ठाणं फक्त पावलं ऐकेल. त्याने दार उघडलं, काही खणलं, तर त्याकडे लक्ष द्यायचं नाही. नाहीतर पुन्हा तोच गोंधळ. नुसती पावलं.

काम पुरं झालं आणि चौथ्या-पाचव्या दिवशीच दिवा लागला. एकदा नाही, सारखा. धाकटी चप्पल न घालता माझ्या दुकानापर्यंत पळत आली. गिऱ्हाइकांसमोर माझ्या गळ्यात पडली. "आहे गं, आहे, इकडून तिकडे फिरतोय!" मीही रडले, खोटं कशाला सांगू. दोघी तिच्या घरी गेलो. तिने खेळातली दुर्बीण काढून लांबूनच डोंगराकडे रोखली. डोंगरावर, बरोब्बर छताच्या जागी, एक चौकोनी कोंबडी इकडून तिकडे फिरत होती.

त्या कोंबडीला मी आजही माफ केलेलं नाही.

धाकटीने डोंगराला कुंपण घातलं. त्यानंतर दिवा लागला नाही. एक ऋतू गेला, दुसरा गेला. कामावरून आली की ती पडद्यासमोर बसायची, खोपटातल्या त्या विझलेल्या दिव्यासमोर. काही हालचाल केली नाही तर ते जग माणसाला बाहेर काढतं, म्हणून अधूनमधून उंदीर हलवायचा. संगणकाचा. ती कामावर असताना मी हातातलं काम घेऊन तिच्या घरी बसायला लागले. एका हाताने टाके, एका हाताने उंदीर. गिऱ्हाइकांना सांगितलं, दुकान सध्या बहिणीकडे आहे.

ती वाळत चालली होती. खाली शिपायाकडे जाणंही तिने सोडलं. एकदा मी ताट वाढून पुढ्यात ठेवलं, तर म्हणाली, "दिवा लागत नाही म्हणजे तो नाहीच, ताई. असता तर एकदा तरी आला असता. मी त्याला ओळखते." मी जेव म्हटलं. ती म्हणाली, "झोपावं आणि उठू नये, म्हणजे काय वाटत असेल ते आता मला कळतं." त्या दिवसापासून मी तिच्याकडेच राहायला आले. तिच्या औषधांचा डबा माझ्या शिवणाच्या पेटीत, कुलपात ठेवला. रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंना मीच जाऊन भेटले. त्या दर आठवड्याला तिला खोलीत बोलावून घ्यायच्या. ती जायची, बसायची, परत यायची.

आणि त्यातच ते जग चालवणाऱ्या माणसाने सगळ्यांना कळवलं की महिनाअखेर तो ते कायमचं बंद करतो आहे. डोंगर, धबधबा, सगळं पुसलं जाणार.

मी म्हटलं, "आता कसली वाट बघतेस? आत जा."

"त्याने नको म्हटलंय."

"महिन्याने ते घरच राहणार नाही. मग कुठल्या घरात जायची नाहीस तू? उठ. मी बसते शेजारी."

सुट्टीचा दिवस होता, दुपारची वेळ. तिचा हात उंदरावर आणि माझा तिच्या खांद्यावर. पडद्यावर धबधबा आला, पाण्यामागची फट आली, मग काळोखी वाट. धाकटी पुटपुटत होती, "रिकामं असेल, ताई. कोळ्याची जाळी असतील." मग तिने दार उघडलं आणि आम्ही दोघी पडद्याकडे बघतच राहिलो.

सगळ्या जमिनीवर लोकर. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. लाल, निळी, पिवळी, मिळेल त्या रंगाची, पण टाचभर जागा मोकळी सोडलेली नाही. पायऱ्यांवर लोकर. पलंगाभोवती लोकर. आणि कोपऱ्यातली भट्टी पेटलेली. कुणीतरी नुकतंच तिच्यात काही भाजायला ठेवलेलं.

"जिवंत आहे," मी ओरडले. "अगं, भट्टी बघ! आजच येऊन गेलाय!"

धाकटी भट्टीकडे बघतच नव्हती. तिने मान वर करून छताकडे पाहिलं. तिने पुरलेल्या ठोकळ्याखालची माती कुणीतरी हाताने नीट बाजूला केली होती. ठोकळ्याला धक्का लावला नव्हता. नुसता उघडा करून ठेवला होता, म्हणजे बघितलंय हे कळावं.

"ते जनावर इथे येत नाही, ताई," ती म्हणाली. "ते खूप खोल असतं. लोकर त्याच्यासाठी नाही. माझ्यासाठी आहे."

आणि मग ती जी रडली, ती मी जन्मात विसरणार नाही. पोरगा जिवंत आहे म्हणून रडली, की आईपासून पाऊल लपवत तो इतके दिवस आपल्याच घरात चोरासारखा वावरला म्हणून, मला सांगता येणार नाही. दोन्ही असेल. मी पदराने तिचं तोंड पुसत राहिले. इतके महिने ती पोराला मेलेला समजत होती, आणि तो तिथे, तिच्याच कानाखाली, तिनेच शिकवलेल्या लोकरीवरून चालत होता.

रडून झाल्यावर तिने कुदळ घेतली. छतातला ऐकणारा ठोकळा खणून काढला. तो पलंगासमोर, लोकरीवर, सहज नजरेला पडेल असा ठेवला. मग वाटेतलं त्यापुढचं ठाणं बदललं, आता पहिलं तेच. पावलं आता कुणीच ऐकणार नव्हतं. दाराजवळच्या भिंतीवर तिने एक साधं बटण बसवलं, घराबाहेर घंटेचं असतं तसं, आणि ठाण्याला ते एक बटणच जोडलं. ते दाबलं तरच दिवा लागणार, एरवी आत कुणी नाचलं तरी नाही. काही लिहून ठेवलं नाही. मी म्हटलं, दोन शब्द तरी लिही. ती म्हणाली, "लिहिलं की उत्तर मागितल्यासारखं होतं. बटण बघून त्याला कळेल. नसेल दाबायचं तर नको दाबू दे."

"आणि कुणी परक्याने दाबलं तर?"

"कळेल मला," एवढंच म्हणाली.

त्यानंतरचे दिवस आधीपेक्षा वाईट गेले. आधी निदान यंत्रावर खापर फोडता येत होतं. आता मधे यंत्र नव्हतं, नुसती त्याची मर्जी होती. दिवा लागला नाही तर त्याचा अर्थ एकच होणार होता. धाकटी कामावर जाताना दिव्याकडे बघायची नाही, आल्यावर मला काही विचारायची नाही. माझा चेहरा बघायची आणि चप्पल काढायची. मला तो शवागाराचा शिपाई आठवायचा. आता मान हलवायचं काम माझ्याकडे आलं होतं.

महिना संपत आला. ते जग ओस पडायला लागलं होतं, लोक आपापली घरं सोडून निघून गेले होते. मी एका शाळेच्या गणवेशांच्या कडा दुमडत बसले होते. दुपारचं ऊन खिडकीतून थेट पडद्यावर आलं होतं, म्हणून मी खिडकीचा पडदा ओढायला उठले. परत येऊन बसते, तोच दिवा लागला.

विझला. लगेच पुन्हा लागला. विझला.

मग काहीच नाही. मला वाटलं, झालं, असाच कुणीतरी वाटसरू. आणि तेवढ्यात तिसऱ्यांदा लागला.

दोनदा पटापट, मग थांबून एकदा. शाळेतून आला की तो असंच वाजवायचा. तिच्या दारावरही आणि माझ्या दारावरही. आतून मी ओरडायचे, आले रे मुंगळ्या, घंटा मोडशील. हातातला गणवेश खाली पडला. मी कशाला हात लावला नाही. धाकटीने सक्त बजावलं होतं, दिवा लागला तर काही करायचं नाही, त्याच्या मागे जायचं नाही. मी दोन्ही हात मांडीवर दाबून धरले. मग फोन घेतला. नंबर दोनदा चुकला.

"नमस्कार, बोला."

मी अजून दिव्याकडेच बघत होते.

"नमस्कार, बोला. कोण पाहिजे आपल्याला?"

"अगं, मी," म्हटलं. "लागला. दोनदा, मग एकदा."

पलीकडे तिच्या बोर्डावर दुसऱ्या लाईनी वाजत होत्या. कुणीतरी काचेवर टकटक केली. तिने कुणालाच उत्तर दिलं नाही.

"तू काही केलं नाहीस ना, ताई?"

"नाही गं. हात मांडीवर ठेवून बसलेय."

"आहे तो?"

मी पडद्याकडे पाहिलं. दिवा पुन्हा लागला. दोनदा, आणि एकदा.

"आहे," मी म्हटलं.

"धरून ठेव," ती म्हणाली. मी फोन कानाला लावून बसून राहिले. तिनेही ठेवला नाही.